ती ‘लिहा ना’ म्हणाली होती

प्रश्न थोडक्यात: पत्रलेखिका न्यूरॉलॉजिस्ट आहेत आणि एका मोठ्या रुग्णालयात काम करतात. काही महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे एक तरुण पेशंट आली. काही दिवसांतच वागणं पार बदललेलं, भास होत होते, मग फिट्स सुरू झाल्या. मानसिक आजार समजून आधी दुसरीकडे उपचार झाले होते. तपासण्यांत अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस निघाला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटते, आणि काही जणींत त्याचं मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. अंडाशयातली गाठ काढली, औषधं दिली आणि काही आठवड्यांनी ती स्वतःच्या पायांनी घरी गेली. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “तुझ्या केसबद्दल लिहू का? नाव टाकणार नाही.” ती म्हणाली, “लिहा ना.” डॉक्टरांनी लिहिलं, मजकूर चॅटबॉटकडून नीट करून घेतला आणि पोस्ट केला. तो लाखो लोकांनी वाचला. नाव नव्हतं, पण वय, पेशा, महिना आणि आजारपणात ती कॉरिडॉरमध्ये काय ओरडत होती, हे सगळं त्यात होतं. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी ती पोस्ट तिलाच पाठवून विचारलं, “ही तूच ना?” तिनं डॉक्टरांना एकच मेसेज केला: “तुम्ही विचारलं होतं, पण हे लिहाल असं सांगितलं नव्हतं.” त्यानंतर ती फॉलो-अपला आलेली नाही. पोस्ट आता काढून टाकली आहे.

दुसरी बाजूही आहे. तीच पोस्ट वाचून एका अनोळखी माणसानं आपल्या बहिणीला वेळेत न्यूरॉलॉजिस्टकडे नेलं आणि तिलाही हाच आजार निघाला. त्यानं आभार मानत बहिणीचा वॉर्डातला फोटो पाठवलाय आणि ‘हाही टाका’ असं म्हटलंय. विभागप्रमुख म्हणतात, “म्हणूनच आम्ही कधी या भानगडीत पडलो नाही.” मार्केटिंग विभाग म्हणतो, पोस्ट परत टाका, आणि यापुढे आठवड्याला दोन व्हिडिओ करा. डॉक्टरांचा प्रश्न असा: एकीचं मन दुखावलं आणि दुसरीचा जीव वाचला, तर मी चुकले का? आणि हे सगळं आता बंदच करून टाकू का?

(पेशंटची ओळख पटू नये म्हणून आजारासकट सगळे तपशील बदलले आहेत. पत्रलेखिकेच्या मूळ पेशंटचा आजार वेगळा, पण याच धाटणीचा आहे. हा सारांश छापण्याआधी त्यांना दाखवला आहे.)

डॉक्टर,

तुम्ही पत्रात एक तराजू मांडला आहे. एका पारड्यात तुमच्या पेशंटचं दुखावलेलं मन आणि दुसऱ्यात त्या अनोळखी बहिणीचा जीव. असं मांडलं की उत्तर ठरूनच जातं, कारण जिवापुढे मन नेहमी हलकंच भरणार. पण ही मांडणीच मला पटत नाही.

तुमची पोस्ट पुन्हा एकदा त्या भावाच्या जागी बसून वाचा. त्याला उपयोगी काय पडलं? तरुण व्यक्तीचं वागणं काही दिवसांत अचानक बदलतं. त्याआधी कधी कधी ताप किंवा डोकेदुखी होऊन गेलेली असते. भास होतात, झोप उडते, बोलणं तुटक होतं, मग फिट्स येतात, तोंडाच्या आणि हातांच्या चमत्कारिक हालचाली सुरू होतात. नुसत्या मानसिक आजाराच्या औषधांनी फरक पडत नाही, आणि पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं की अँटिबॉडी सापडतात. बहिणीला कुठे न्यायचं हे त्याला कळलं ते एवढ्यावरून. तुमच्या पेशंटचा पेशा कळल्यानं त्याला काही मदत झाली नाही. ती कुणाचं नाव घेऊन काय ओरडली, हे कळूनही झाली नाही. म्हणजे ज्या ओळींनी एका मुलीचा जीव वाचला आणि ज्या ओळींनी दुसरीला घायाळ केलं, त्या ओळी एकाच पोस्टमध्ये होत्या, पण वेगवेगळ्या होत्या. त्यामुळे इथे कुणाच्या जिवासाठी कुणाचं मन मोडावं लागलं, असं झालेलंच नाही.

तुम्ही म्हणाल, नुसती लक्षणांची यादी दिली असती तर ती लाखांनी वाचली असती का? आणि त्या भावापर्यंत तरी पोचली असती का? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. माणूस गोष्ट वाचतो. वैद्यकशास्त्रसुद्धा गोष्टींवरच उभं आहे. हाच आजार घ्या. २००७ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट जोसेप डाल्माउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली, त्यातल्या अकरा जणींच्या अंडाशयात गाठ होती, तेव्हा या आजाराला आजचा चेहरा मिळाला. त्या १२ जणींचं सांगितलं गेलं नसतं, तर तुमच्या पेशंटला बहुधा अजून मनोरुग्णच समजत राहिले असते. पण तो लेख वाचणारे डॉक्टर होते आणि भाषा निदानाची होती. लेख छापण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासला होता. तुमची पोस्ट वाचणाऱ्यांत तिचा टीम लीडर होता, तिची शाळेतली मैत्रीण होती, कदाचित लग्नासाठी तिची चौकशी करणारं कुणी होतं.

आता संमतीचं बोलू. पत्रात तुम्ही तीनदा लिहिलंय की तिनं हो म्हटलं होतं. ती खोटं बोलत नव्हती आणि तुम्हीही तिला फसवत नव्हतात. तरीही तो होकार पुरेसा नव्हता, आणि त्याची कारणं तुम्हाला माझ्याइतकीच, किंबहुना माझ्याहून जास्त ठाऊक असणार. विचारणारी व्यक्ती कोण होती? जिनं तिला बरं केलं ती. कधी विचारलं? डिस्चार्जच्या दिवशी, मन कृतज्ञतेनं भरून आलेलं असताना. पुढच्या गोळ्या, पुढची तपासणी, आजार उलटला तर पुन्हा भरती होणं, हे सगळं ज्या डॉक्टरच्या हातात आहे, तिला ‘नको’ कोण म्हणणार?

याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. या आजारातून बऱ्या झालेल्या पुष्कळ पेशंटना आजाराच्या तीव्र काळातलं काही आठवत नाही. कॉरिडॉरमध्ये आपण काय केलं, हे तुमच्या पेशंटला बहुधा माहीतच नव्हतं. ते तिला पहिल्यांदा समजलं ते तुमच्या पोस्टमधून, लाखो लोकांच्या बरोबरीनं, आणि तेही ऑफिसातल्या माणसानं पाठवल्यावर. जे आठवतच नाही, त्याला होकार कसा देणार? तिचा मेसेज पुन्हा वाचा. ‘हे लिहाल असं सांगितलं नव्हतं,’ असं ती म्हणते. मला त्यात संतापापेक्षा धक्का जास्त दिसतो.

‘नाव टाकणार नाही’ या वचनावर आपण डॉक्टर मंडळी फार विसंबून राहतो. १९९७ च्या सुमारास अमेरिकेत लतान्या स्वीनी या संशोधक विद्यार्थिनीनं मॅसॅच्युसेट्समधल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी अभ्यासल्या. नोंदींतून नावं काढून टाकलेली होती. तरी मतदारयादीशी त्या ताडून तिनं खुद्द राज्याच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली. पुढे २००० मध्ये तिनं दाखवलं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा पत्ता या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतल्या सुमारे ८७ टक्के लोकांची ओळख एकमेवपणे पटू शकते. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही सांगते की फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे ओळख लपली असं मानू नये. तुमच्या पोस्टमध्ये वय, पेशा, महिना आणि दुर्मीळ आजार, सगळंच होतं. अनोळखी लोकांपासून ती लपली. ज्यांच्यात तिला रोज वावरायचंय, त्यांच्यापासून नाही. खरं तर लपायचं त्यांच्यापासूनच होतं.

आता तुमचा प्रश्न. चुकलात का? हो, चुकलात. हेतू चांगला होता आणि तरीही चुकलात. हे स्पष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पहिलं काम माफीचं नाही, फॉलो-अपचं आहे. हा आजार उलटू शकतो, तिची औषधं चालू असतील, आणि ती तुमच्याकडे यायची थांबली आहे. तिला तुमच्यासमोर बसायला लाज वाटत असेल किंवा रागही येत असेल, आणि दोन्हीचा तिला हक्क आहे. म्हणून तिच्याशी संपर्क दुसऱ्या कुणीतरी साधावा, तुमच्या टीममधली तिला माहीत असलेली सिस्टर किंवा रेसिडेंट. निरोप एवढाच असावा की तपासणी चुकवू नकोस, हवं तर दुसरे न्यूरॉलॉजिस्ट बघतील, कागद आम्ही पाठवतो. त्या फोनमध्ये पोस्टचा विषय काढू नये. माफी आणि उपचार एकत्र बांधले, तर पुन्हा तोच प्रकार होईल. माफ करते म्हटल्याशिवाय आपल्याला नीट बघणार नाहीत, असं तिला वाटू शकतं.

मग माफी. चार ओळींचं पत्र लिहा, तिच्या सोयीनं तिला वाचता येईल असं. काय चुकलं ते नेमकं सांगा: तुला न दाखवता लिहिलं, तुला ओळखता येईल असं लिहिलं, तुला आठवत नसलेलं लिहिलं. पोस्ट कधी काढली आणि तिच्या प्रती हटवायला काय केलं, तेही सांगा. आणि डॉक्टर, एक गोष्ट कृपा करून त्यात लिहू नका: त्या दुसऱ्या मुलीचा जीव वाचला, हे. तुम्हाला ते लिहायचा मोह होईल, कारण त्यानं तुमचं ओझं हलकं होतं. पण तिच्यावर त्यानं नवं ओझं पडेल. एवढं भलं झालंय तर आपण कुरकुर कशी करायची, असं तिला वाटेल. तिनं उत्तर दिलंच पाहिजे असंही नाही. नाही आलं, तर दुसरं पत्र पाठवू नका.

पोस्ट काढली म्हणजे ती संपली असं होत नाही. इतर पेजेसनी ती उचलली असेल, स्क्रीनशॉट फिरत असतील. शोधून त्या त्या पेजला हटवायची विनंती करा, न ऐकल्यास खासगी वैद्यकीय माहिती म्हणून तक्रार नोंदवा. रुग्णालयाच्या स्वतःच्या पेजवरही बघा, तिथे ती अजून असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आणि झालेला प्रकार वरिष्ठांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं पुढे ज्याला जसं हवं तसं आठवतं.

चॅटबॉटबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, मला मात्र तिथे थांबावंसं वाटतं. तुम्ही त्याला काय दिलं होतं? केसपेपरमधला मजकूर जसाच्या तसा? तसं असेल तर तिची माहिती पोस्टच्याही आधी, रुग्णालयाचा कसलाही करार नसलेल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर गेली. हे वरिष्ठांना कळवताना लपवू नका, आणि त्या खात्यातला तो संवाद हटवा. दुसरं असं की हे यंत्र वाक्यं गुळगुळीत करतं, सुरुवात पकड घेणारी करतं, प्रसंग उठावदार करतं. कुठली ओळ कुणाच्या आयुष्यात जाऊन पडेल, हे त्याला कळायचं कारण नाही, कारण ती मुलगी त्यानं पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली होती. भाषा सुधारायला यंत्राची मदत घ्यायला माझी हरकत नाही, पण पेशंटची माहिती त्यात घालू नये आणि काय ठेवायचं, काय गाळायचं हा निर्णय त्याच्यावर सोडू नये.

आता विभागप्रमुखांचं म्हणणं. त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही मला ते मान्य नाही. पोस्ट न टाकणारे डॉक्टर हात स्वच्छ ठेवून असतात असं नाही. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एमआरआयचे फोटो पडतात आणि कोपऱ्यात पेशंटचं नाव तसंच असतं. ते प्रत्येकाच्या फोनच्या गॅलरीत आणि तिथून बॅकअपमध्ये जातात. तो फोन घरी मुलांच्याही हातात असतो. बंद ग्रुप किती बंद असतो, हे वुहानच्या ली वेनलियांग यांच्या बाबतीत जगानं पाहिलं. ३० डिसेंबर २०१९ रोजी या नेत्रतज्ज्ञानं वर्गमित्रांच्या ग्रुपवर सार्ससारख्या आजाराच्या सात रुग्णांबद्दल सावध केलं. हे बाहेर पसरवू नका, असंही लिहिलं. काही तासांत त्याचे स्क्रीनशॉट त्यांच्या नावासकट सगळीकडे फिरले, आणि ३ जानेवारीला पोलिसांनी बोलावून त्यांच्याकडून ताकीदपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी कोविडनं त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी सांगितलं ते खरं होतं आणि सांगायलाच हवं होतं. डॉक्टरनं गप्प राहणं हा नेहमीच सभ्यपणा नसतो, एवढं तरी त्यावरून विभागप्रमुखांना मान्य व्हावं.

तुम्ही सगळं बंद करू नये असं मला वाटतं. डॉक्टर होताना घेतली जाणारी जिनिव्हाची प्रतिज्ञा १९४८ पासून सांगते की पेशंटनं विश्वासानं सांगितलेली गुपितं मी जपेन. पुढे त्यात ‘पेशंटच्या मृत्यूनंतरही’ हे शब्द आले. २०१७ मध्ये त्याच प्रतिज्ञेत आणखी एक ओळ घातली गेली: पेशंटच्या भल्यासाठी आणि आरोग्यसेवेच्या प्रगतीसाठी मी माझं वैद्यकीय ज्ञान इतरांना देईन. ज्ञान तुमचं आहे, ते वाटा, मोकळ्या हातानं वाटा. कॉरिडॉरमधली ती दुपार तिची आहे. त्या दोन्हींमध्ये रेघ कुठे मारायची, हे दर पोस्टला नव्यानं ठरवावं लागेल.

हे जमतं कसं? गोष्ट हवीच असेल तर अनेक पेशंटांवरून एक पात्र रचा आणि तसं वरच स्पष्ट लिहा. ताज्या केसवर लिहू नका, काही महिने जाऊ द्या. पोस्ट करायच्या घाईत आपल्याला स्वतःचं कौतुक ऐकायचं असतं, आणि ते वाटणं ओसरल्यावरही लिहावंसं वाटलं तर लिहा. खऱ्या पेशंटबद्दल लिहायचं असेल तर संमती उपचारांत नसलेल्या व्यक्तीनं मागावी, मेडिकल सोशल वर्करनं किंवा दुसऱ्या विभागातल्या सहकाऱ्यानं. पूर्ण मजकूर पेशंटला वाचायला द्यावा, घरी नेऊ द्यावा, आणि कधीही नाही म्हणता येईल हे लेखी असावं. त्याहून चांगलं म्हणजे पेशंटनंच बोलावं. याच आजारातून बऱ्या झालेल्या एका अमेरिकी पत्रकार स्त्रीनं आपली हकिकत स्वतः लिहिली. न आठवणारे दिवस तिनं नोंदी चाळून, घरच्यांना विचारून जुळवले. काय सांगायचं आणि काय नाही, हे तिनं ठरवलं.

हे सदर वाचणारे पेशंट आणि नातेवाईक यांनाही सांगते: डॉक्टरांनी फोटो किंवा व्हिडिओ मागितला तर ‘आधी दाखवा’ म्हणायला संकोच करू नका. ‘नको’ म्हणालात म्हणून उपचारांत फरक पडता कामा नये.

मार्केटिंग विभागाला पोस्ट परत टाकायला स्पष्ट नकार द्या, लेखी. व्हिडिओंचं म्हणाल तर तुमच्या अटींवर करा. खातं तुमच्या नावावर राहील. वॉर्डात किंवा ओपीडीत चित्रीकरण होणार नाही. औषधाचा किंवा यंत्राचा उल्लेख पैसे घेऊन होत असेल तर तसं सांगितलं जाईल. आणि आठवड्याला दोनचा रतीब नको. इतक्या घाईत डॉक्टर लवकरच विषय शोधायला वॉर्डाकडे पाहू लागतो, आणि तुमच्या बाबतीत ती वाट कुठे गेली ते आपण पाहिलंच. महिन्याला एक नीट तपासलेला व्हिडिओ करा. कमेंटमध्ये कुणी स्वतःची लक्षणं लिहिली तर तिथे निदान करू नका, तपासणीला जायला सांगा.

तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहून गेलात: ‘पहिल्यांदाच वाटलं की माझं कुणीतरी ऐकतंय.’ मला ते सगळ्यात जास्त लागलं. अवघड निदान सापडल्याचा आनंद सांगायला पूर्वी सकाळच्या राउंडनंतर दहा मिनिटं असायची, केस कॉन्फरन्स असायची, कुणीतरी सीनियर ‘छान पकडलंस’ म्हणायचा. आता प्रत्येक जण संगणकावर नोंदी भरत असतो आणि ते बोलणं फोनकडे वळलंय. तुमच्या विभागात महिन्यातून एकदा तरी असं बसणं सुरू करा, फोन बाहेर ठेवून. विभागप्रमुखांना त्याला बोलवा. जे सांगावंसं वाटतं त्यातलं निम्मं तिथे सांगून होईल.

आणि त्या भावाला आजच उत्तर द्या. बहीण कशी आहे ते विचारा, तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं ऐकायला सांगा, आणि फोटो टाकणार नाही हे प्रेमानं कळवा. त्यानं पाठवलेला फोटो तुमच्या फोनमधून काढा आणि त्यालाही तो कुठे न टाकण्याची विनंती करा. त्याची बहीण अजून वॉर्डात आहे, शुद्ध कधी हरपते कधी येते, आणि आपला फोटो कुणाकुणाला गेलाय हे तिला माहीतही नाही. ती पूर्ण बरी होऊन घरी गेल्यावर तिला स्वतःहून काही सांगायचं असेल तर ती तुम्हाला लिहू शकते, एवढं त्याला सांगून ठेवा.